मापाचा पहिला आकडा ‘लाभ’ : परभणी परिसरातला आठवडी बाजार, गुजरी आणि मोंढा

आजचा विषय बाजार. शेअर बाजार नव्हे, आपला बाजारहाट. जिथे ज्वारी, मीठ, मिरची, भाजी विकत मिळते तो.

नकाशा डोळ्यांसमोर आणू या. मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर परभणी आणि पूर्णा ही दोन मोठी स्टेशनं आहेत. त्यांच्या दरम्यान पिंगळी लागतं. गाडी थांबते, न थांबते असं ते स्टेशन. पण पिंगळीसारख्या गावाकडून पाहिलं की परभणीचा बाजार नीट समजतो. शहरातून पाहिलं तर बाजार म्हणजे दुकानांची रांग. गावातून पाहिलं तर तो एक रस्ता आहे, ज्यावरून धान्य जातं आणि पैसा येतो. कधी कधी दोन्ही जातात आणि काहीच येत नाही. म्हणून आज आपण गावाच्या बाजूनं उभं राहून बोलणार आहोत.

परभणी शहरातल्या भागांची नावंच पाहा. शनिवार बाजार, गुजरी बाजार, कच्छी बाजार, जुना मोंढा, नवा मोंढा. ‘शनिवार बाजार’ या नावात आठवड्याचा एक वार आहे. ‘गुजरी’ म्हणजे रोजची भाजी-पाल्याची बैठक. ‘कच्छी बाजार’ या नावात बाहेरून आलेला व्यापारी आहे. ‘मोंढा’ म्हणजे धान्य-कापसाचा घाऊक बाजार. आठवडी, रोजचा आणि घाऊक हे बाजाराचे तीन प्रकार. ते वेगवेगळ्या काळात वाढले आणि आज एकाच शहरात शेजारी शेजारी नांदतात. प्रत्येकाला आपण एकच प्रश्न विचारू: माप कुणाच्या हातात आहे?

वाराचा बाजार

सगळ्यात जुना आठवडी बाजार. मराठवाड्यात व्यापार किती जुना आहे याचा पुरावा थेट परदेशी प्रवासवर्णनात मिळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या दोन बाजारपेठांची नोंद आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं तो लेखक सांगतो. तिथून गाड्यांमध्ये भरून कापड बंदरावर जात होतं. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातला माल दोन हजार वर्षांपूर्वीही समुद्रापर्यंत पोहोचत होता.

पण तो झाला दूरचा व्यापार. गावाच्या पोटाचा व्यापार वेगळ्या रीतीनं चालायचा. बलुतेदारीत सुताराला, लोहाराला, कुंभाराला खळ्यावर धान्य मिळायचं. तिथे रोख पैसा फारसा लागत नसे. मग बाजार कशासाठी? तर गावात जे पिकत नाही त्यासाठी. मीठ, हळद, गूळ, बांगड्या, कापड, तांब्या-पितळेची भांडी. मीठ तर थेट समुद्रकाठावरून यायचं, आणि ते आणायचे लमाण. हजारो बैलांचे तांडे पाठीवर गोण्या टाकून चालायचे. जाताना धान्य, येताना मीठ. मोगल फौजांना दख्खनमध्ये धान्य पुरवणारेही हेच. आज मराठवाड्यात गावाबाहेर जे तांडे दिसतात, त्यांच्या नावातच हा इतिहास शिल्लक आहे. तांडा हा मुळात चालणारा होता. रेल्वे आणि पक्के रस्ते आले तसा तो बसला.

आता आठवडी बाजाराची रचना पाहा. एका गावाची गरज एवढी नसते की तिथे रोज दुकान चालावं. पण आसपासच्या दहा-पंधरा गावांची गरज एकत्र केली तर एक दिवस नक्की चालतो. म्हणून वार वाटून घेतले गेले. इथे सोमवार, तिथे मंगळवार, पुढे बुधवार. विकणारा फिरता, घेणारा बसून. कासार, आतार, तांबोळी, मिरचीवाला, कापडवाला हे सगळे आठवडाभर या फेऱ्यातच असतात. हा फेरा कुणी सरकारी कागदावर आखलेला नाही, पण शेजारच्या दोन गावांचा बाजार एका दिवशी सहसा येत नाही. आणि शेतमजुरांचा आठवड्याचा पगार बाजाराच्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी होतो, तो यासाठीच. हातात पैसा आणि समोर बाजार, हे गणित जुळलेलं असतं.

पेठ वसवायची तर मात्र राज्यकर्त्याचा कौल लागायचा. मराठेशाहीत नवी पेठ वसवताना शेटे-महाजनांना कौल दिला जाई. काही वर्षं कर माफ, पुढे हळूहळू वाढता. बाजारात बसणाऱ्याकडून बैठकीचा कर घेतला जाई. आजही आठवडी बाजारात ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा माणूस पावती फाडत फिरतो. पावती नवी असली तरी वसुलीची रीत जुनीच आहे.

बाजार सगळ्यांचा असतो असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. बाजारात सगळे येत, पण सगळ्यांना सगळं विकता येत नसे. विकणाऱ्याची जात मालाला चिकटायची. दोर, केरसुण्या, सरपण, गवत हे दलितांच्या हातून चालत असे. शिजवलेलं अन्न, दूध त्यांच्या हातून घेतलं जात नसे. कोण कुठे बसणार, कुणाला पाणी कुठे मिळणार, हेही ठरलेलं असे. आठवडी बाजाराच्या आठवणी सांगताना हा भाग गाळला तर आपण फक्त गोडवा सांगू, इतिहास नाही.

माप आणि ‘लाभ’

या बाजारात धान्य वजनावर नव्हे, मापावर विकलं जायचं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत सगळा हिशेब दुपटीचा. पाटी-पेन्सिल न शिकलेल्या बाईलासुद्धा अर्धं आणि दुप्पट कळतं. तेवढ्यावर व्यवहार व्हायचा.

मोजणारा मोजताना ‘एक’ म्हणत नसे. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचा, मग दोन, तीन, चार. आजही जुन्या घरात धान्य मोजताना हे ऐकू येतं. आणि माप सपाट भरायचं नाही, त्यावर शीग यायला हवी. ‘शिगोशीग’ हा शब्द आपण आनंदाच्या प्रसंगी वापरतो, तो या मापातूनच आला आहे.

पण शीग हीच भांडणाची जागा होती. घेताना शीग, देताना काठोकाठ, ही सावकाराची युक्ती. शिवाय प्रत्येक तालुक्याची पायली सारखी नसे. एका गावची पायली दुसऱ्या गावात थोडी लहान, थोडी मोठी. ओळखीच्या बाजारात हे चालून जातं, कारण विकणाराही ओळखीचा आणि मापही. खोटं माप दिलं तर पुढच्या आठवड्यात त्याच बाईसमोर बसायचं आहे, ही लाज पुरेशी असते. अनोळखी, मोठा, दूरचा व्यापार आला की ही लाज कामाला येत नाही. नेमकं तेच पुढे झालं.

रेल्वे आली, मोंढा आला

१९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली. मनमाड ते सिकंदराबाद, मीटरगेज. परभणी, सेलू, पूर्णा, नांदेड ही गावं या रुळावर आली. मानवतसारखी जुनी पेठ रुळापासून बाजूला राहिली, तर स्टेशनचं नाव ‘मानवत रोड’ पडलं. मनमाडला मात्र मुंबईची गाडी ब्रॉडगेज. त्यामुळे तिथे प्रत्येक गाठोडं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावं लागे. हमालांच्या पाठीवरून गेल्याशिवाय मराठवाड्याचा कापूस मुंबईला पोहोचत नव्हता.

रेल्वेमुळे काय बदललं? तोपर्यंत परभणीची ज्वारी परभणीत जास्त झाली तर स्वस्त व्हायची आणि कमी झाली तर महाग. आता ती बाहेर जाऊ लागली. भाव इथल्या पिकावर ठरायचा, तो मुंबईच्या मागणीवर ठरू लागला. ‘गावरानी’ कापूस हैदराबाद संस्थानाच्या नावानं मुंबईच्या बाजारात ओळखला जाऊ लागला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने स्टेशनाजवळ उभे राहिले. गुजराती, कच्छी, मारवाडी व्यापारी पेढ्या घालून बसले. आठवड्यातून एकदा भरणारा बाजार या व्यापाराला पुरणारा नव्हता. मोठी आवारं, गोदामं, ओटे, काटे लागले. यातून मोंढा उभा राहिला. लातूरची गंजगोलाई आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मधे गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. ती निजामी काळातल्या बाजाराच्या आखणीचं उत्तम उदाहरण आहे. परभणी-नांदेड-जालन्याचे मोंढे इतके देखणे नसतील, पण गरज तीच होती.

मोंढ्यात नवे शब्द आले. अडत, अडत्या, मुनीम, तोलाई, हमाली, कडता, पट्टी. कास्तकार बैलगाडी घेऊन पहाटे निघायचा, अडत्याच्या दुकानासमोर गाडी सोडायचा. माल पाहणारा पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढायचा. त्यातले निम्मे परत जात नसत. मग भाव व्हायचा. कसा? तर रुमालाखाली. खरेदीदार आणि अडत्या कापडाआड हात धरून बोटांनी भाव ठरवायचे. याला ‘हत्ता’ म्हणत. ज्याचा माल, तो कास्तकार बाजूला उभा राहून पाहायचा. त्याला दिसायचा फक्त रुमाल. त्यानंतर कडता, म्हणजे ओलावा-मातीच्या नावानं वजनातली कपात. मग धर्मादाय, मग तोलाई, मग हमाली. शेवटी हातात पट्टी. अनेकदा त्या पट्टीत आधीच्या उचलीचं व्याज कापलेलं असायचं, कारण बियाण्याला पैसे देणाराही हाच अडत्या असायचा.

इथे पैशाचाही एक गोंधळ होता. निजाम राज्यात ‘हाली सिक्का’ चालायचा आणि इंग्रजी मुलखात ‘कलदार’. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. मुंबईचा भाव कलदारात आणि कास्तकाराची पट्टी हालीत. या फरकाचा हिशेब ज्याला येत होता, त्याला आणखी एक कमाई होती. संस्थानाच्या हद्दीवर ‘करोडगिरी’, म्हणजे जकातीचे नाके होते. १८०२ च्या तहानं जकात शेकडा पाच ठरलेली, पण सीमेवरच्या कास्तकाराला नाका म्हणजे रोजची कटकट होती. शेजारच्या गावात पोतं न्यायचं तरी नाका ओलांडावा लागे.

रुमाल बाजूला कसा झाला

रुमालाखालचा भाव ही एकट्या मराठवाड्याची तक्रार नव्हती. वऱ्हाडात कारंजा इथे १८८६ सालीच कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस हवा होता, हेही तितकंच खरं. १९२८ साली शाही कृषी आयोगानं अहवाल दिला, त्यात बाजारातल्या गैरप्रकारांची दखल घेऊन नियंत्रित बाजारांची शिफारस केली. त्यानंतर लगेचच निजाम सरकारनं फसली १३३९ मध्ये, म्हणजे १९३० च्या सुमारास, कृषी बाजारांचा कायदा केला. संस्थानी राज्य म्हणून आपण त्या कारभाराला सरसकट मागास ठरवतो. पण बाजाराच्या कायद्यात आणि शेती संशोधनात हैदराबाद फार मागे नव्हतं. परभणीत प्रयोगक्षेत्र १९१८ सालीच सुरू झालं होतं.

मात्र कायदा कागदावर असणं वेगळं आणि मोंढ्यात दिसणं वेगळं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई झाली आणि सरकारनं सक्तीची लेव्ही बसवली. पिकलेल्यातून ठरलेला वाटा सरकारला द्यायचा, सरकार सांगेल त्या भावानं. बड्या जमीनदाराची लेव्ही चुकायची आणि लहान कास्तकाराच्या कणगीत हात जायचा, असा अनुभव होता. म्हणून १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात, लेव्हीला विरोध आणि करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करणं हे कार्यक्रम लोकांना इतके जवळचे वाटले. स्वातंत्र्य हा शब्द मोठा आहे. पण कणगीतलं धान्य आपलं राहणं आणि नाका न ओलांडता बाजाराला जाता येणं, हा त्याचा रोजचा अर्थ होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. हाली सिक्का गेला, नाके गेले. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं किलो आला आणि पायली कागदावरून गेली. घरातून आणि गावातून ती अजून पूर्ण गेलेली नाही. मग राज्याचा १९६३ चा कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीचा कायदा १९६७ पासून लागू झाला. जाहीर लिलाव, परवानाधारक अडते, तपासलेले काटे, लगेच पैसे, असा त्याचा आराखडा. रुमाल बाजूला झाला तो इथे. भाव ओरडून ठरू लागला आणि कास्तकाराच्या कानावर पडू लागला. ही छोटी गोष्ट नाही.

हमालांची गोष्ट मात्र वेगळी लढावी लागली. क्विंटलचं पोतं पाठीवर घेणारा माणूस कुणाचा नोकर, तेच ठरत नव्हतं. अडत्या म्हणे व्यापाऱ्याचा, व्यापारी म्हणे अडत्याचा. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत माथाडी कामगारांचं आंदोलन उभं राहिलं, आणि १९६९ साली माथाडी-हमालांसाठी कायदा झाला. पोतं पन्नास किलोचं करा, हा आग्रहही या संघटनांचाच. बाजाराच्या इतिहासात भावाची नोंद मिळते, पाठीची मिळत नाही.

मोंढ्यात धान्य आहे, जेवण कुठे आहे?

आता आपल्या काळाकडे येऊ. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण अभिमानानं म्हणतो. त्या अभिमानामागे काळी जमीन होती आणि त्या जमिनीत ज्वारी. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्यांना ‘मिलो’ आठवत असेल. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. ज्वारीच्या मुलखात रेशनवर परदेशी ज्वारी खायची वेळ आली. त्याच वर्षी, १८ मे १९७२ ला, परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं. पुढे ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ हे ज्वारीचे वाण आले. भाजी मंडईत तर ‘परभणी क्रांती’ या भेंडीनं परभणीचं नाव देशभर नेलं.

आणि तरीही हंगामात नव्या मोंढ्यात ढीग कशाचे दिसतात? सोयाबीनचे. तूर, हरभरा, कापूस आहेत, पण पहिला मान सोयाबीनचा. गेल्या तीसेक वर्षांत हे झालं. कारणं सरळ आहेत. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत मोकळं होतं, पाखरं राखावी लागत नाहीत, काढणी यंत्रानं होते, आणि गाडी मोंढ्यात लावली की त्याच दिवशी विकलं जातं. ज्वारीची कापणी, खुडणी, मळणी हे अंगमेहनतीचं काम, आणि मजूर मिळत नाहीत. शिवाय रेशनवर गहू-तांदूळ येतो, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर तर नाममात्र दरात आणि आता फुकट. मग घरासाठी ज्वारी कशाला पेरायची, असा हिशेब झाला. तो हिशेब चुकीचा आहे असं आम्ही म्हणणार नाही. ज्याला कर्ज फेडायचं आहे त्यानं रोख पीक घ्यावं, हे समजण्यासारखं आहे.

पण परिणाम पाहा. सोयाबीन खळ्यावरून थेट तेलाच्या कारखान्याकडे जातं. ते आपण ताटात वाढून घेत नाही. पूर्वी भाव पडला तर ज्वारी कणगीत ठेवून घरात खाता यायची, कडबा जनावरांना घालता यायचा. भाव पडणं म्हणजे उपासमार नव्हती. सोयाबीनचा भाव पडला तर घरात खायला काही राहत नाही आणि दावणीलाही नाही. म्हणजे मोंढ्यावरचं अवलंबित्व आजोबांपेक्षा नातवाचं जास्त आहे. आणि पिंगळीसारख्या गावातला माणूस जे पिकवतो ते मोंढ्यात विकतो, जे खातो ते आठवडी बाजारातून किंवा रेशनवरून आणतो. जी ज्वारी गरिबाची म्हणून हिणवली गेली, ती आता गव्हापेक्षा महाग मिळते आणि शहरात पथ्याचं अन्न म्हणून खपते.

बाजाराचे नियमही पुन्हा बदलत आहेत. २०१६ मध्ये ‘ई-नाम’ आलं, लिलाव संगणकावर नेण्यासाठी. त्याच वर्षी राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरवलं. २०२० चे केंद्राचे तीन कायदे आले आणि २०२१ मध्ये मागे घेतले गेले. यावर मतं असतील, असायला हवीत. इतिहास आपल्याला एवढं सांगतो की बाजार मोकळा आहे की बांधलेला, एवढ्यानं कास्तकाराचं भलं ठरलं नाही. रुमाल उचलला गेला का, काटा तपासला गेला का, पैसे त्याच दिवशी मिळाले का, आणि भाव पडला तर माल परत नेऊन ठेवायला घरात जागा आणि पोटाला धान्य होतं का, यावर ते ठरलं.

आठवडी बाजार मात्र टिकून आहे. मोटारसायकल आली, मोबाइलवरून पैसे आले, तरी वार चुकत नाही. मेथीची जुडी, गवार, वांगी घेऊन बसलेली बाई स्वतः पिकवते आणि स्वतः विकते. तिच्यात आणि खाणाऱ्यात कुणी नाही. तिच्या तराजूचा काटा दोघांनाही दिसतो. मूठभर कोथिंबीर वर टाकणं ही त्या जुन्या शिगेचीच सवय आहे. तिला सावली, पाणी, संडास आणि बसायला ओटा द्यायचा असेल तर फार मोठ्या योजनेची गरज नाही. तिच्याकडून फाडलेल्या पावतीतले पैसे तिथेच खर्च केले तरी पुष्कळ होईल.

शेवटी एक काम सांगून थांबतो. या बाजाराचा बराचसा इतिहास सरकारी दप्तरात नाही, तो तुमच्या घरात आहे. जुनी पायली, अधोली, चिपटं माळ्यावर असेल तर त्यावरचे शिक्के पाहा, फोटो काढा, त्यात किती किलो ज्वारी मावते ते मोजून लिहा. अडत दुकानाच्या जुन्या पट्ट्या, मोडीतल्या वह्या रद्दीत देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: तुमच्या लहानपणी बाजाराला कोण जायचं, काय घेऊन जायचं, काय घेऊन यायचं, आणि कोण कुठे बसायचं? शेवटचा प्रश्न टाळू नका. पंचवीस गावांतून अशी उत्तरं जमली, तर परभणीच्या बाजाराचा जो इतिहास तयार होईल तो आजच्या या व्याख्यानापेक्षा कितीतरी खरा असेल.

आता प्रश्न घेऊ या.